‘डी’ला काही होत नाही

“मावशी, ह्यात एकच विंडोज बसतंय बगा. जुनं ठेवायचं का नवं टाकायचं, ते ठरवा,” असं कॉम्प्युटर दुरुस्तीवाला म्हणाला आणि माझं डोकं फिरलं. जन्मभर हेच ऐकत आले. शाळा की लग्न, नोकरी की मूल. आता हा कालचा पोरगा माझ्याच टेबलापाशी उभा राहून मला एक निवडायला सांगतोय! “चहा पिऊन झाला असेल तर या आता,” मी म्हटलं.

मी घरी बसून छपाईसाठी लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवते. इथं सोलापुरात नवी पेठेतल्या एका प्रेसचं काम पंधरा वर्षं माझ्याकडे आहे. मजकूर आला की टाइप करायचा, गणपती वर, नवरा-नवरी मधे, ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ सगळ्यात खाली. जुळवणीचं सॉफ्टवेअर जुनं, ते जुन्या विंडोजवरच चालतं आणि त्याची सीडी कधीच हरवली. पण प्रेसचे मालक आता मजकूर मेलवर पाठवायला लागले, आणि जुन्या विंडोजवर मेल उघडेना. नवं विंडोज टाकलं तर सॉफ्टवेअर जाणार. मोबाइलवर वाचून टाइप करून बघितलं, तर तेवढ्याशा काचेवर ओळ चुकली आणि नवऱ्यामुलाच्या चांगल्या धडधाकट काकांच्या नावापुढे ‘कै.’ लागलं. ते काका स्वतः प्रेसमध्ये आले होते म्हणे, पत्रिका हातात घेऊन. मालक मला म्हणाले, “बाई, पुढच्या वेळी असं झालं तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल.”

मुलगा पुण्याला कंपनीत आहे. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, “आई, पुरे झालं आता. दे सोडून आणि इकडं ये. आराम कर.” आराम! सातव्या मजल्यावर बसायचं आणि सून-मुलगा ऑफिसातून यायची वाट बघायची, ह्याला आराम म्हणतात. माझ्या हातात काम आहे तोवर मी सोलापुरात आहे. काम गेलं की माझी बॅग कोण भरणार ते मला पक्कं ठाऊक होतं.

आमचे हे एसटीतून रिटायर झालेले. त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं, तरी पेपरातून तोंड काढून म्हणाले, “एका म्यानात दोन तलवारी राहत नसतात.”

“एका सिलिंडरवर दोन बर्नर चालतात की,” मी म्हटलं. “एकावर तुमचं अंघोळीचं पाणी, एकावर माझी आमटी. तेव्हा नाही आठवत म्यान?”

चार दिवस मोबाइलवर व्हिडिओ बघितले. लिनक्स म्हणून एक असतं, फुकट असतं, जुन्या कॉम्प्युटरवर चालतं आणि विंडोजच्या शेजारी गुमान राहतं, हे कळलं. सुरू करताना कुठलं हवं ते आपण निवडायचं. एका रद्द झालेल्या पत्रिकेच्या पाठीवर सगळ्या पायऱ्या लिहून काढल्या आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून लिनक्स पेनड्राइव्हवर भरून आणलं.

आता डीचं सांगते. आमच्याकडे दुकानदार कॉम्प्युटर बसवताना डिस्कचे तीन सारखे भाग करून देतो. सी, डी आणि ई. आणि जाताना मंत्र देतो, “सीमध्ये काही ठेवू नका, डीमध्ये टाका. डीला काही होत नाही.” हा मंत्र घरोघरी पाठ आहे. दरवेळी फॉरमॅट मारला की सी धुऊन निघतो आणि डी जसाच्या तसा. माझा डीवर जेवढा विश्वास होता तेवढा बँकेच्या लॉकरवर नव्हता. म्हणून मी ईमधलं होतं नव्हतं ते सगळं उचलून डीमध्ये नेऊन ठेवलं आणि रिकामा ई लिनक्ससाठी मोकळा केला.

दुपारी भांडी आवरून बसले. पेनड्राइव्ह लावला, पडद्यावर डिस्कच्या भागांची यादी आली, पण त्यात सी, डी, ई असं काही लिहिलेलंच नाही, नुसते आकडे. मी बोट लावून मोजलं. पहिला सी, दुसरा डी, तिसरा ई. तिसरा निवडला. ह्यातलं सगळं पुसलं जाईल, अशी ताकीद आली. पुसू दे की, रिकामाच तर आहे! दाबलं.

अर्ध्या तासानं कॉम्प्युटर परत सुरू झाला आणि काळ्या पडद्यावर दोन नावं आली. एक नवं, एक जुनं. “या, बघा तुमचं म्यान!” मी ओरडले. लिनक्समध्ये मेल उघडला, मजकूर लख्ख दिसला, तो कागदावर उतरवून घेतला. मग जुन्या विंडोजमध्ये गेले. जुळवणीचं सॉफ्टवेअरही चालू. मला लई आनंद झाला, खोटं कशाला सांगू. आणि मग नमुन्याला जुन्या पत्रिकेची फाइल घ्यायला गेले तर डी नाहीच. ई होता तिथंच, ठणठणीत रिकामा.

यादीत सगळ्यात वर विंडोजनं स्वतःसाठी ठेवलेला एक इवलासा भाग होता. एरवी तो दिसत नाही. मी त्यालाच सी म्हणून मोजलं होतं, त्यामुळे पुढचं सगळं एकेक घर सरकलं. माझ्याच हातानं मी डी पुसला.

पत्रिकांचं काही नाही, लग्न लागलेली पत्रिका कोण परत मागतंय. पण मुलाच्या लहानपणीचे सगळे फोटो डीमध्ये होते. अल्बमला वाळवी लागली म्हणून मीच स्कॅन करून ठेवले होते आणि अल्बम टाकून दिला होता.

त्याला लगेच फोन केला. लपवाछपवी मला जमत नाही. तो भराभर म्हणाला, “आई, कॉम्प्युटर आत्ताच्या आत्ता बंद कर. डिस्क काढून पुण्याला पाठव. इथं पुसलेले फोटो परत काढून देतात. निम्मेअर्धे तरी निघतील. तीन आठवडे लागतील.”

“लग्नसराई आहे रे. पत्रिका परवा द्यायचीय.”

“पत्रिका काय गं, आई? माझे फोटो आहेत ते.”

मी पदर तोंडाला लावून रडले, आणि त्याला ते ऐकू जात होतं. तीन आठवडे डिस्क नाही म्हणजे सॉफ्टवेअर नाही, म्हणजे प्रेस दुसऱ्याकडे गेली. गेलेली प्रेस परत येत नाही. मग मी पुण्यात, सातव्या मजल्यावर, निम्मेअर्धे फोटो बघत बसलेली.

“नाही पाठवत,” मी म्हटलं. “चूक माझी आहे. मला शिव्या घाल. पण डिस्क मिळणार नाही. आणि फोटोतलं तू काहीही विचार, मला सगळं तोंडपाठ आहे.”

तो म्हणाला, “शाळेच्या गॅदरिंगचा फोटो. मी पहिल्यांदा नाचलो होतो तो. शर्ट कुठला होता?”

स्टेज डोळ्यांपुढे आलं. त्याचे घाबरलेले डोळे आले, तेल लावून चापून बसवलेले केस आले. शर्ट काही केल्या येईना.

“पिवळा,” मी म्हटलं. अजिबात अडखळले नाही.

“हो, पिवळाच,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजावरून मला कळलं की त्यालाही आठवत नव्हतं.

फोन ठेवला, जुनं विंडोज लावलं आणि पत्रिका टाइप करायला बसले.