दुसऱ्या राऊंडचं भाकीत

भूकंपानंतर पाचव्या दिवशी वडील माझ्या मावसभावाला घेऊन औशाला आले. तो सात वर्षांचा होता, मी सहा. मावशी, तिचा नवरा आणि त्यांची धाकटी मुलगी, तिघंही घराच्या दगडमातीखाली गेली होती. हा धान्याच्या कणगीशेजारी झोपला होता. कणगी कलली, तिच्या आडोशाला थोडी जागा राहिली, आणि जवानांनी त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर काढलं. आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या अंगात कुणीतरी दान दिलेला, ढोपराखाली येणारा मोठ्या माणसाचा शर्ट होता. आईनं त्याला पोटाशी धरलं आणि ती इतकी रडली की मी घाबरून ओट्यावर जाऊन बसलो. तो रडला नाही. जेवताना त्यानं एवढंच विचारलं, "मावशी, हे घर पत्र्याचं हाय का दगडाचं?"

"पत्र्याचं हाय, लेकरा," आई म्हणाली.

पुढची एक खोली तेवढी पत्र्याची होती. बाकी सगळं दगडाचंच. त्याला ते दिसत होतं. पुढची दोन वर्षं तो त्या एका खोलीतच झोपला.

शाळेत तो टिकेना, म्हणून वडिलांनी त्याला तालमीत घातलं. तिथं मात्र तो रमला. मी किडकिडीत होतो, कुस्ती माझ्यानं झाली नाही, पण बघायला रोज जायचो. आणि बघता बघता मला एक नाद लागला. जोड लागली की कोण जिंकणार हे मी आधीच सांगायचो. मल्ल माती उचलून अंगाला लावतो त्या वेळी त्याचा श्वास कुठे चालतो, पोटात की छातीत, हे मी बघायचो. सलामी देताना नजर समोरच्याच्या तोंडावर आहे की पायावर, हे बघायचो. दहातल्या सात-आठ कुस्त्या मी सांगितल्याप्रमाणे व्हायच्या. लातूरच्या यात्रेत म्हातारी माणसंसुद्धा मला विचारायची, "सांग रे, ही कुणाची?" वर्गात पहिला आल्यावर मिळाली नाही एवढी किंमत मला तिथं मिळाली.

मावसभावाची कुस्ती असली की मी काही बोलत नसे. त्यानं कधी विचारलंही नाही.

पुढे मी लातूरला शिकवण्यांना गेलो. तेव्हा गल्लीगल्लीत क्लास निघत होते, आणि जळकोट, धर्माबादपासून आलेली पोरं एका खोलीत सहा-सहा राहत होती. मला डॉक्टर व्हायचं होतं, झालो नाही. पदार्थविज्ञानात एमएस्सी केली आणि नांदेडच्या एका मोठ्या क्लासमध्ये शिकवायला लागलो. मावसभावानं तीनदा पोलीस भरतीचा प्रयत्न केला. धावणं, गोळाफेक सगळं व्हायचं, लेखी परीक्षेत नापास व्हायचा. शेवटी तोही नांदेडला आला. एका व्यायामशाळेत त्याला शिकवायचं काम मिळालं, आणि आम्ही दोघं एका खोलीत राहू लागलो. तो मला गमतीनं मास्तर म्हणायचा.

त्याच व्यायामशाळेत त्याला पिंजऱ्यातल्या लढतींची ओळख झाली. मिक्स्ड मार्शल आर्ट्स. जाळीच्या पिंजऱ्यात दोघं उतरतात, पाच-पाच मिनिटांचे तीन राऊंड; लाथा, बुक्क्या, कुस्ती, गळा आवळणं, सगळं चालतं. अमेरिकेतल्या लढती आपल्याकडे रविवारी सकाळी दिसायच्या. आम्ही पोहे घेऊन मोबाईलसमोर बसायचो. मला वाटलं होतं हे रानटी असेल. पण दोन-तीन रविवारांतच माझा जुना नाद जागा झाला.

इथं बघण्यासारखं कुस्तीपेक्षा जास्त होतं. आदल्या दिवशी वजन करतात तेव्हा खेळाडूचे गाल किती आत गेलेत, पाणी तोडून तोडून त्यानं अंग किती सुकवलंय. याआधी बेशुद्ध पडून किती महिने झालेत. हाताची लांबी. डावखुरा आहे का. दमल्यावर हनुवटी वर येते का. मी शुक्रवारी-शनिवारी सगळे जुने व्हिडिओ बघून टिपणं काढायचो आणि शौकिनांच्या एका ग्रुपवर माझे अंदाज टाकायचो: अमुक जिंकेल, अमुक राऊंडला, अमुक प्रकारे. कुठली कुठली माणसं माझ्या अंदाजाची वाट बघू लागली. पैसे मी कधी लावले नाहीत. मला फक्त बरोबर ठरायचं होतं.

क्लासमध्येही माझी ख्याती तीच होती. दिवाळीच्या आधी संचालक मला बोलवायचे. दोनशे मुलांची यादी पुढे ठेवायचे आणि म्हणायचे, "सर, टिक करा." ज्यांचा मेडिकलला नंबर लागेल असं मला वाटे त्यांच्यापुढे मी खूण करायचो. ती मुलं वेगळ्या तुकडीत जायची. त्यांना चांगले शिक्षक, वेगळ्या चाचण्या, शंका विचारायला वेळ. बाकीची मोठ्या हॉलमध्ये मागे. निकाल लागला की संचालक माझी पाठ थोपटायचे. "तुमचा अंदाज चुकत न्हाई सर."

मावसभाऊ स्वतः पिंजऱ्यात उतरला तेव्हा त्याचं वय तसं उलटून गेलं होतं. पहिल्या दोन लढती तो कुस्तीच्या जोरावर जिंकला. समोरच्याला खाली आणायचं आणि उठू द्यायचं नाही. तिसरी लढत हैदराबादला ठरली. समोर मणिपूरचा एक तरुण होता, लाथांच्या खेळातून आलेला.

लढतीच्या तीन आठवडे आधीचा रविवार. त्या सकाळी माझे पाचही अंदाज बरोबर आले होते. त्यातला एक तर कुणालाच पटला नव्हता. मी खुशीत होतो, खोलीत येरझाऱ्या घालत स्वतःच्याच हुशारीचं सांगत होतो. तो भिंतीला टेकून डाव्या गुडघ्याला मलम चोळत बसला होता. तो गुडघा तालमीत दुखावला होता, पुरता बरा कधी झालाच नाही. तो म्हणाला, "मास्तर, माझी पण सांग की."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं विचारलं. मी त्या मणिपूरच्या पोराचे व्हिडिओ आधीच बघून ठेवले होते. उत्तर माझ्याकडे तयार होतं. टाळता आलं असतं. हसून म्हणता आलं असतं, तूच जिंकशील. पण पाच अंदाज बरोबर आल्याची धुंदी होती, आणि खरं सांगायचं तर मला त्याच्यापुढेही ते मिरवायचं होतं.

"पहिला राऊंड तुझा," मी म्हणालो. "खाली आणशील त्याला. पण धरून ठेवता येणार न्हाई. दुसऱ्या राऊंडला तो डावा पाय तोडायला लागेल. चार-पाच लाथा बसल्या की तू पाय वाचवायला बघशील, आणि तिथंच संपेल."

त्यानं मलमाचं झाकण लावलं. "दुसऱ्या राऊंडला?"

"हाव. दीड-दोन मिनिटं होतील फार तर."

"बरं," तो म्हणाला. थोड्या वेळानं उठून त्यानं पोह्याच्या ताटल्या विसळल्या. त्या विषयावर आम्ही परत बोललो नाही.

हैदराबादला मी सोबत गेलो. दुपारची वेळ, एका बॅडमिंटन हॉलमध्ये पिंजरा उभा केला होता, खुर्च्या अर्ध्या रिकाम्या. पहिला राऊंड अगदी मी म्हणालो तसाच झाला. त्यानं समोरच्याला दोनदा उचलून आपटलं. दुसऱ्यांदा तर मला वाटलं, आता सुटत नाही हा. मी खुर्चीवरून उठून ओरडत होतो, आणि त्याच वेळी माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात, आपलं चुकतंय की काय, अशी हुरहुर होती. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.

मधल्या एका मिनिटात तो स्टुलावर बसला होता. त्याचा गुरू त्याच्या कानाशी काहीतरी सांगत होता. त्याचं लक्ष नव्हतं. तो खुर्च्यांमध्ये कुणाला तरी शोधत होता. मी दिसलो तेव्हा थांबला. मला हात वर करायचा होता, मूठ दाखवायची होती. मी नुसता उभा राहिलो.

दुसरा राऊंड सुरू झाला आणि मी बघितलं, त्याचे दोन्ही हात खाली आले होते. एकही लाथ बसलेली नव्हती, तरी तो डावा पाय मागे घेऊन वाकून उभा होता. समोरच्या पोरानंही ते बघितलं. त्यानं पायावर लाथ मारल्यासारखं केलं, याचा हात आणखी खाली गेला, आणि तीच लाथ वर येऊन कानशिलावर बसली. पडताना त्याचं डोकं पिंजऱ्याच्या कडेच्या खांबावर आपटलं. पंचांनी लगेच हात हलवले. टाळ्या वाजल्या, मग हळूहळू थांबल्या, कारण तो उठत नव्हता.

मेंदूत रक्त साचलं होतं. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. औशाहून आई-वडील दुसऱ्या दिवशी आले. आई आधी काचेतून त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळली. "तू व्हतास ना तिथं?"

"होतो."

"मग थांबवलं का न्हाईस रं? तुला तर सगळं कळतंय आधी."

तिला काही माहीत नव्हतं. ती नुसतं बोलून गेली होती. मी म्हणालो, "नाही कळत, आई."

तो वाचला. एकविसाव्या दिवशी बोलला. डाव्या डोळ्यानं एकाचे दोन दिसतात, ते कायमचंच. बोलताना शब्द सापडत नाहीत, मग तो हातानं हवेत काहीतरी धरल्यासारखं करतो. महिन्या-दोन महिन्यांनी फीट येते. नांदेडची खोली सोडून त्याला औशाला नेलं. एकदा मी त्याची दाढी करत होतो तेव्हा तो मधेच थांबून थांबून म्हणाला, "घंटा झाली ना... दुसऱ्याची... तवा मला वाटलं, आता होतंय ते. मी वाट बघून राहिलो होतो त्याची." मग माझ्या हाताला हात लावून म्हणाला, "बरोबर सांगितलंस तू. एकदम बरोबर."

त्यात टोमणा नव्हता. तो माझं कौतुक करत होता. मी वस्तरा बाजूला ठेवला आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

मी बरोबर सांगितलं होतं की मी सांगितलं म्हणून तसं झालं, हे मला ठरवता आलं नाही. मी त्या लढतीचा व्हिडिओ कितीदा बघितला असेल. पहिल्या राऊंडचा शेवट बघून मला दर वेळी वाटतं, हा जिंकतोय. आजही वाटतं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी संचालकांनी नेहमीप्रमाणे यादी पुढे ठेवली. मी या कामातून सुटका मागितली, ते हसले. "तुम्ही न्हाई करणार तर कोण करणार सर?" मग मी एक केलं. ज्या तिघांचं काही होणार नाही अशी माझी खात्री होती, त्यांच्यापुढेही खूण केली. त्यातली एक निलंग्याकडची मुलगी होती. वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची, फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायची आणि चाचणीत गोंधळायची. नावापुढे खूण झाली म्हणून ती त्या तुकडीत गेली. कुणी तिला सांगितलं नाही की ती चुकून आलीय.

तिघांतल्या दोघांचं काही झालं नाही. मुलीचा नंबर लागला.

ती वडिलांना घेऊन पेढे द्यायला आली. वडील शेतावरून थेट आले असावेत, चपलांना माती होती. ते हात जोडून म्हणाले, "सर, तुम्हीच वळखलं तिला. आम्हाला बी भरवसा नव्हता." मुलगी माझ्या पाया पडली. मी पेढा तोंडात घातला. मागच्या सात वर्षांच्या याद्या मला आठवत होत्या. खूण न केलेली मुलं, मोठ्या हॉलमध्ये मागे बसलेली, ज्यांना आपलं नाव का आलं नाही हे कधी कळलंच नाही. त्यातली एक मुलगी मला जिन्यात अडवून म्हणाली होती, "सर, माझ्यात काय कमी दिसलं तुम्हाला?" मी तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. ती नंतर क्लासला आलीच नाही.

तिघंही नापास झाली असती तर बरं, असं मला त्या दिवशी वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं. मग निदान माझा अंदाज खरा होता असं म्हणून मला झोपता आलं असतं.

मी क्लास सोडला नाही. दुसरं काही येत नाही, आणि त्याची औषधं चालू आहेत. यादी करायचं काम आता संगणकावर होतं, चाचण्यांच्या गुणांवरून. संचालक सांगतात, तुमच्यापेक्षा तो कमी चुकतो. मी मान हलवतो आणि वर्गावर जातो. फळ्याकडे तोंड करून शिकवायची सवय लागलीय मला. मुलांच्या चेहऱ्यांकडे बघितलं की डोळे आपोआप मोजमाप करायला लागतात. कोण दमलंय, कुणाचा श्वास वर चढलाय.

महिन्यातून दोनदा औशाला जातो. आईचे गुडघे गेलेत, तिला त्याला एकटीनं उचलता येत नाही. मागच्या खेपेला मी पोचलो तेव्हा त्याला नुकतीच फीट येऊन गेली होती. तो ओट्यावर आडवा होता आणि आई पदरानं त्याच्या तोंडाचा फेस पुसत होती. मला ओळखायला त्याला वेळ लागला. आई म्हणाली, "डॉक्टर म्हणालेत, कमी होतील हळूहळू. होतील ना रं?"

मी खाली बसून त्याचे पाय मांडीवर घेतले. ते थंडगार होते. मी ते चोळत राहिलो.