सुभेदाराचा खरारा

आमच्या घरी चार माणसं चहाला टेकली की सुभेदाराचा विषय निघतोच. एकानं एक किस्सा सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात, आणि मी तर कुणाला बोलूच देत नाही. का देऊ? त्या पिल्लाला माणसात आणलं ते मी!

चीनच्या लढाईनंतर आमचे मालक खेचरांच्या पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीवर आष्ट्याला आले. येताना धनगराकडून कुत्र्याचं एक केसाळ पिल्लू उचललं. नाव ठेवलं सुभेदार! म्हणाले, "जल्मभर सुभेदारास्नी सलाम ठोकला. आता एक तरी माझ्या हुकमात असू दे!"

सासूबाईंनी उंबऱ्यातच अडवलं. "ओसरीच्या आत पाय न्हाई टाकायचा त्येनं. आन् अंगावर एक जरी गोचीड दिसली, तर मळ्यात बांधीन."

मळ्याकडं तेव्हा लांडगे फिरायचे. एवढासा जीव तिथं टिकला नसता. 

* * *

मालकांनी पहिल्याच दिवशी पलटणीतला खेचरं घासायचा लोखंडी खरारा काढला. खेचराची कातडी कुठं, पिल्लाची कुठं! सुभेदार केकाटत बाजेखाली शिरला. मालक ओरडतायत, "फॉल इन! फॉल इन!" कसलं काय!

मग मी काम हातात घेतलं. मालकांचा बुटाचा कोरा ब्रश आधी नुसता हुंगू दिला. मग ब्रशची पाठ अंगावरून फिरवली. मग थोडे थोडे केस विंचरले, आणि दरवेळी लोण्याचा घास.

"लाच देतीस व्हय गं?" मालक म्हणाले.

"आन् तुमी पलटणीत रम पीत हुतासा, ती काय परसाद म्हणून?"

दुसऱ्या दिवसापासून लोणी तेच काढून द्यायला लागले.

* * *

नखांचं काम अवघड. मालकांची दाढी करायला पांडूनाना न्हावी घरी यायचे. मी म्हटलं, "आवं नाना, ह्याच्या नखांवर जरा नराणी चालवा की."

"वैनी, गावात कळलं तर माझ्याफुडं गाल कोण करंल?" असं म्हणत म्हणत नानांनी हत्यार काढलं. मी सुभेदाराला मांडीवर घेऊन बसले. त्यानं हूं का चूं केलं नाही.

नानांनी मालकांकडं बघितलं. "हवालदार, ह्यो तुमच्यापरीस बरा. हालत तर न्हाई!"

* * *

सासूबाई रोज त्याचे कान तपासायच्या. एके दुपारी ओरडल्याच, "घावली! गोचीड घावली! न्या मळ्यात!"

गल्ली गोळा झाली.  मी पुढं झाले, चिमटीत धरून काढली, उजेडात बघते तर एरंडीची बी! सुभेदार परसातल्या एरंडाखाली लोळून आलेला.

मालक म्हणाले, "आये, ठिवून दे. दिव्याला त्याल हुईल!"

सासूबाई हसल्या नाहीत. "आज बी घावली, उद्या गोचीड घावंल," म्हणाल्या आणि आत गेल्या.

* * *

बेंदूर आला. बैलं धुतली, शिंगं रंगवली, झुली घालून दारात रांगेनं उभी केली. सासूबाई ताट घेऊन बाहेर आल्या. एकेका बैलाच्या पायावर तांब्यातलं पाणी घातलं, कुंकू लावलं, पुरणपोळीचा घास दिला.

वळून बघतात तर रांगेच्या शेवटी सुभेदार! बाहेरून आला की मी त्याचे पाय धुवायची, एकेक उचलायला लावून. तांब्या बघून त्याला वाटलं, आपला नंबर आला. पुढचा पंजा वर करून उभा!

गल्ली बघतेय. सासूबाई त्याच्याकडं, तो तांब्याकडं. 

सासूबाईंनी पाणी घातलं. त्यानं पंजा खाली ठेवला, दुसरा उचलला. मग मागचा, मग राहिलेला. त्यांनी तांब्या बाजूला ठेवला, त्याचे कान उलटे करून बघितले, मानेवरचे केस फुंकून बघितले. काही म्हणजे काही सापडलं नाही.

मग माझ्याकडं वळून केवढ्यांदा ओरडल्या, "बगत काय उबी ऱ्हायलीस? पाय धुऊन आल्यालं माणूस दारात उबं हाय. आत पान वाढ!"