घोड्याचा केस आणि मोठा मासा

आरमोरीतले आमचे शेजारी शिंपी होते, पण त्यांचा जीव मासेमारीत. दोरी आणि गळ यांच्यामध्ये कोणता बारीक धागा बांधावा, यावर ते वैनगंगेच्या काठी स्वतःशीच वाद घालत. रेशीम भिजलं की फुगतं. नागपूरहून आलेलं नवं नायलॉन मजबूत, पण चकाकतं. घोड्याच्या शेपटीचा केस माशाला दिसत नाही, पण तुटतो.

एके दिवशी त्यांच्या घरी व्याही आले होते. त्यांना मासा खाऊ घालायचा शब्द दिलेला. नदीवर मी त्यांना म्हणालो, "भाऊ, आज नायलॉनच बांधा."

"काऊन? पानी काचेवानी हाय. माशाले दिसन ना!" त्यांनी केसच बांधला.

मासा लागला तो भलामोठा. ओढला असता तर केस तुटलाच असता. भाऊंनी ओढलं नाही. कोटासकट पाण्यात उतरले आणि मासा नेईल तिकडे निघाले.

"चाल बाई, मी येऊन राह्यलो. घाई नोको करू."

छातीपर्यंत पाणी आलं तरी माशाशी बोलायचा आवाज तसाच लाडिक. अखेर मासाच दमला आणि भाऊंनी त्याला कवेत घेतलं.

काठावर शोधत आलेले व्याही उभे होते. "कोट तरी काढाचा होता!"

निथळत, हसत भाऊ म्हणाले, "तेवढा वेळ बाई थांबली असती का?"