पत्र्याच्या डब्यातलं वायफाय

आमच्या कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर बसणारे मुनशीकाका नसते, तर मी आज आदिलाबादेत नसतो. हे आधीच लिहून टाकतो. गोष्ट सांगायला लागलो की घाईत माझ्याकडून मुख्य माणूसच राहून जातो. मुनशीकाका साठीला आलेले, बुटके, कानावर कायम पेन, आणि कमरेला दोरीत ओवलेल्या सगळ्या जिनिंगच्या किल्ल्या. त्यांनी जे केलं ते त्यांनी स्वतः कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाहीत. म्हणून मी सांगतो.

मी गडहिंग्लजकडचा. शाळा आठवीत सोडली. मग तिठ्यावरच्या एका मोबाइलच्या दुकानात काही वर्षं काढली आणि नंतर जिनिंगची यंत्रं बसवणाऱ्या टोळीबरोबर फिरत फिरत इतक्या लांब आलो. टोळी काम आटोपून परत गेली. मी राहिलो, कारण ऑफिसातला बंद पडलेला कॅमेरा मी चालू करून दिला होता. एवढंच माझं भांडवल. इथली मराठी मला सुरुवातीला अर्धीच कळायची, ऑफिसात तेलुगू, बाजारात हिंदी, आणि मी तोंड उघडलं की हमाल एकमेकांकडं बघून हसायचे. त्यामुळं मी कमी बोलायचो. आणि कमी बोलणारा माणूस आतल्या आत जास्त घाबरतो, हा माझा अनुभव.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी शेठजींनी ठरवलं की यंदा कागदाच्या चिठ्ठ्या बंद. कापसाची गाडी काट्यावर तोलली जाते, मग यार्डात रिकामी होते आणि तिथं गंजीपाशी कापसाचा ओलावा तपासतात. त्या ओलाव्यावर भाव ठरतो. दरवर्षी ओलाव्याची चिठ्ठी घेऊन कुणीतरी ऑफिसपर्यंत चालत यायचं, वाटेत चिठ्ठी हरवायची, आणि शेतकरी उन्हात बसून राहायचे. आता गंजीपाशीच टॅबलेटवर आकडा टाकायचा, तो लगेच ऑफिसात दिसायचा. अडचण एकच होती. ऑफिसातलं वायफाय काट्याच्या केबिनपर्यंत पोचायचं आणि तिथंच दम तोडायचं. यार्डाच्या मधोमध खांबावर ॲक्सेस पॉइंट बसवायला पाहिजे होता, म्हणजे ऑफिसातलं नेट केबलनं तिथवर नेऊन हवेत सोडणारं यंत्र. ते बसवणारा नागपूरचा माणूस कापूस खरेदीच्या मुहूर्तानंतरच मोकळा होणार होता.

तेव्हा मुनशीकाका शेठजींना म्हणाले की तुमच्याकडं हा कोल्हापूरचा पाव्हणा आहे, त्याला करू द्या. मी मागंच उभा होतो. मोबाइल दुरुस्ती मला येत होती, घरातले राउटरही मी बसवले होते, पण ॲक्सेस पॉइंट मी हातात कधी धरला नव्हता.

शेठजींनी मला वरून खालपर्यंत बघितलं. "मुहूर्ताच्या गाडीचा ओलावा माझ्या टेबलावर दिसला तर हंगामभर तू ऑफिसात. नाही दिसला तर प्रेसवर जा, नाहीतर गावची गाडी धर."

प्रेसवर म्हणजे गाठी बांधायच्या विभागात. तिथं मी आधी एक आठवडा काढला होता. रुईचा, म्हणजे कापसाचा, भुसा नाकातोंडात जातो आणि माझी छाती शिट्टीसारखी वाजायला लागते. म्हणजे माझ्यासाठी दोन वाटा नव्हत्याच, एकच होती आणि ती गडहिंग्लजला जात होती. घरी मी सांगून आलो होतो की आता काहीतरी होऊनच परत येईन.

यंत्र आलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. छोट्या ताटलीएवढं पांढरंशुभ्र, हातात घेतलं तर काहीच वजन नाही. सोबतचा कागद सगळा इंग्रजी. मी अक्षरं लावून वाचतो, त्यामुळं एक ओळ वाचेपर्यंत मागची विसरायची. मुनशीकाका चष्मा पुसत शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "तू हात चालव, मी वाचतो." त्यांचं इंग्रजीही पावत्यांपुरतंच, पण ते न घाबरता वाचायचे. चुकलं तर पुन्हा वाचायचे. मला हे माहीतच नव्हतं की माणूस चुकलेलं वाचूनसुद्धा शांत बसू शकतो.

ऑफिसपासून खांबापर्यंत पाइपातून केबल ओढायला दोन दिवस गेले. वीज आणि नेट दोन्ही त्या एकाच केबलमधून जाणार होतं, म्हणून वरती वेगळी वायर नको होती. केबलच्या आत आठ बारीक तारा असतात. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम मी पाढ्यासारखा म्हणत राहिलो. शाळेत सतराचा पाढा कधी आला नाही, हा मात्र एका दुपारी आला. पहिला जॅक वाकडा बसला, दुसऱ्यात एक तार आत गेलीच नाही, तिसरा बसला. तपासणीच्या यंत्रावर आठही दिवे एकामागून एक लागले तेव्हा मी इकडं तिकडं बघितलं, कुणीतरी बघतंय का म्हणून. मुनशीकाका बघत होते. त्यांनी नुसती मान हलवली.

मग सेटिंग. लॅपटॉपवर यंत्राचं पान उघडलं आणि मला भीती वाटली, पण ही भीती वेगळी होती. जत्रेत पाळण्यात बसताना वाटते तशी. नाव काय द्यायचं विचारलं तर काका म्हणाले, काटा. दिलं काटा. पासवर्ड हमालांना कळायला नको म्हणून त्यांनी तो कागदावर लिहून दाखवला आणि कागद खिशात टाकला. लांब पोचायचं म्हणून मी कमी वेगाचा पण जास्त पल्ल्याचा पर्याय निवडला. आजूबाजूला कुणाचं वायफाय कुठल्या चॅनलवर आहे ते बघून मोकळा चॅनल धरला. सेव्ह केलं. यंत्र एकदा विझलं, माझा श्वासही विझला, आणि मग निळा दिवा लागला.

मी फोन घेऊन रिकाम्या यार्डात धावत सुटलो. कुंपणाच्या भिंतीपाशी गेलो, नेट आहे. सरकीच्या गोदामामागं गेलो, आहे. तिथून घरी व्हिडिओ कॉल लावला. आईला काही समजलं नाही, ती म्हणाली पळतोयस कशाला, पडशील. मी तिला खांब दाखवला. ती म्हणाली, बरं आहे खांब.

आता यंत्र खांबावर चढवायचं होतं, आणि इथं माझी अक्कल मधे आली. जिनिंगमध्ये एक नियम सगळ्यांच्या रक्तात असतो. विजेची कुठलीही वस्तू उघडी ठेवायची नाही. रुईचा भुसा उडतो, कुठंही जाऊन बसतो, आणि एक ठिणगी पडली तर सगळं भडकतं. म्हणून इथले सगळे स्विच, सगळे बोर्ड पत्र्याच्या डब्यात, दाराला रबर, वर कुलूप. मी ते रोज बघत होतो. मला वाटलं, एवढं नाजूक यंत्र, याला तर सगळ्यात चांगला डबा पाहिजे. वेल्डरकडं जाऊन मी मापं देऊन डबा करून घेतला. चार बाजू, पाठ, दार, सगळा जाड पत्रा. राखाडी रंग मीच मारला आणि यंत्र आत बसवून डबा खांबावर चढवला. रंग वाळायला म्हणून दोन दिवस दार उघडं ठेवलं, आणि त्या दोन दिवसांत माझ्या सगळ्या चाचण्या झाल्या. यंत्र उत्तम चालत होतं. मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळी रंग वाळला. मी दार लावलं, कुलूप घातलं, किल्ली मुनशीकाकांच्या दोरीत ओवून दिली आणि खोलीवर जाऊन पोटभर जेवलो.

मुहूर्ताच्या सकाळी फाटकाला झेंडूचं तोरण, काट्यावर रांगोळी. गुडीहत्नूरकडून आलेली पहिली गाडी तोलली गेली, त्या शेतकऱ्याला नारळ-टोपी झाली, गाडी यार्डात गेली. ओलावा तपासणारा तेलुगू सुपरवायझर टॅबलेट घेऊन गंजीपाशी उभा. मी त्याच्याकडं बघत होतो. त्यानं टॅबलेट वर धरला, खाली धरला, मग माझ्याकडं बघून म्हणाला, "नेट लेदू."

नाही म्हणजे काय? मी फोन काढला. यादीत काटा हे नावच नाही. ऑफिसात धावलो, राउटर चालू. केबल काढून पुन्हा खोचली, राउटरवरचा तिचा दिवा लागला. वीज बंद करून चालू केली, ती सोय ऑफिसातच होती, त्यामुळं खांबावरचा डबा उघडायची मला गरजच वाटली नाही. पुन्हा यार्डात आलो. नेट लेदू. एक हमाल म्हणाला की कोल्हापूरच्या नेटाला इकडची हवा मानवली नाही वाटतं. सगळे हसले. दुसरी गाडी काट्यावर आली होती. शेठजी पाहुण्यांना घेऊन निघाले आहेत असा फोन आला. माझी छाती रुईशिवायच वाजायला लागली, आणि खरं सांगतो, मी मनात बॅग भरायला घेतली होती.

मुनशीकाका तोवर पूजेचं ताट घेऊन फिरत होते. मुहूर्ताला इथं सगळ्या यंत्रांना हळद-कुंकू लावतात. काट्याला लावलं, सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांना लावलं, प्रेसला लावलं. मग ते शिडी घेऊन खांबापाशी आले. मी म्हणालो, काका, आता हे कशाला, ते बंद पडलंय. ते म्हणाले, बंद असलं म्हणून काय झालं, नवं यंत्र हाये, त्याले कुंकू नको का? आणि शिडीवर चढून त्यांनी कुलूप काढलं, दार उघडलं.

सुपरवायझरच्या हातातला टॅबलेट टिंग टिंग वाजला.

त्यानं हात वर केला. मी फोन बघितला. काटा, पूर्ण रेघा. काकांनी कुंकू लावलं आणि दार लावलं. रेघा गेल्या. सुपरवायझर ओरडला. काकांनी खाली बघितलं, दार पुन्हा उघडलं. आल्या. लावलं, गेल्या. शिडीवर उभे राहून त्यांनी हे तीनदा केलं, दुकानाचं शटर उघडून बघावं तसं, आणि मग हळूच म्हणाले,

"अरे पाव्हण्या, हे तं तू डब्यात कोंडून ठेवलं. बाहेर काऊन येईन ते?"

माझ्या डोक्यात लख्ख झालं. पत्र्यातून वायफाय बाहेर पडत नाही. मोबाइलच्या दुकानात स्टीलच्या कपाटात ठेवलेल्या फोनची रेंज जाताना मी शंभर वेळा बघितलं होतं. पण इथं आल्यावर भुसा आणि आग एवढंच डोळ्यांपुढं होतं.

शेठजी यायला वीसेक मिनिटं असतील. यंत्र डब्यातून काढलं तर भुसा बसणार. काकांनी शिडीवरूनच हाक दिली, पेढ्यांचा डबा आणा. मुहूर्ताचे पेढे प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात आले होते. पेढे पूजेच्या ताटात ओतले. मी तो डबा पुसला, शिडीवर चढलो, यंत्र पत्र्याच्या डब्यातून सोडवून खांबावर वरच्या बाजूला पट्ट्यांनी बांधलं, आणि त्यावर तो प्लास्टिकचा डबा पालथा घातला. केबल खालून. हात इतके भराभर चालले की ते माझेच आहेत यावर विश्वास बसेना. खाली उतरलो तेव्हा टॅबलेटवर पूर्ण रेघा होत्या, आणि सुपरवायझर तेलुगूत काहीतरी म्हणत माझ्या पाठीवर थापा मारत होता.

पहिल्या गाडीचा ओलावा शेठजींच्या टेबलावरच्या पडद्यावर उमटला तेव्हा ते नुकतेच बसले होते. मी दारात होतो. आकडा आला, मग दुसऱ्या गाडीचा आला. मला ओरडावंसं वाटत होतं. मी फक्त दाराची चौकट धरून उभा राहिलो.

मग शेठजी पाहुण्यांना यार्ड दाखवायला बाहेर आले. खांबावर वर प्लास्टिकचा डबा आणि त्याच्या खाली नवा कोरा, रंगवलेला, रिकामा पत्र्याचा डबा, दार उघडं. हमालांपैकी कुणीतरी सकाळची सगळी हकीगत हसत हसत सांगून टाकली. शेठजींनी विचारलं, वायफायला पत्र्यात कोंडायची ही अक्कल कुणाची?

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण आवाज यायच्या आत मुनशीकाका म्हणाले, "माही."

शेठजी पाहुण्यांसमोर खो खो हसले. म्हणाले, मुनशीजी, तुम्ही आयुष्यभर लोखंडी काट्यावर बसलात, आता डोक्यातही लोखंडच भरलं. पाहुणे हसले, हमाल हसले. काकाही हसले. माझ्याकडं वळून शेठजी म्हणाले, तू उद्यापासून ऑफिसात बस.

दुपारी चहाच्या वेळी मी काकांच्या केबिनमध्ये गेलो आणि विचारलं की असं काऊन केलं. ते कानावरचं पेन काढून वहीत काहीतरी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "माह्यावर हसले तं हसू दे. मी इथंच बसणार हावो. तुह्यावर हसले असते, तं तू रातच्या गाडीनं गेला असता." त्यांना कसं कळलं होतं, मला माहीत नाही.

त्या दिवसापासून जिनिंगमध्ये त्यांचं नाव डबेवाले मुनशी पडलं. आता सरकी घ्यायला येणारे व्यापारीही तेच म्हणतात. नवीन लोकांना वाटतं, त्यांच्या घरी डब्यांचा धंदा असेल. मी ऑफिसात दुसरा हंगाम करतोय, आता तीन ॲक्सेस पॉइंट माझ्या हाताखाली आहेत, घरी पैसे जातात, छाती वाजत नाही. आणि दर वेळी कुणी त्यांना त्या नावानं हाक मारली की मी कागदात मान घालतो. कित्येकदा ठरवलं आज सांगायचं. शेठजींच्या टेबलापर्यंत गेलो आणि प्रिंटरची शाई संपली म्हणून सांगून परत आलो.

पुढच्या हंगामानंतर काका काम सोडणार आहेत. त्या दिवशी त्यांना शाल-नारळ होईल, शेठजी दोन शब्द बोलतील, सगळे जमलेले असतील. त्या दिवशी मी उभा राहीन आणि सगळ्यांसमोर सांगेन की डबा माझा होता, मापं माझी होती, रंगही माझ्याच हातचा होता. हे मी इथं लिहून ठेवतोय ते एवढ्यासाठीच, की आता मला माघार घेता येऊ नये. काका, तुमचं नाव मी तुम्हाला परत देणार आहे.