बैल आत आला कसा?

जुन्नरच्या त्या बोळातला बैल मी अजून विसरलेलो नाही. खुनांचे आणि दरोड्यांचे तपास मागे पडले, ही साधी अडथळ्याची तक्रार मात्र मनात राहिली. नावे सांगत नाही. ती माणसे अजून एकमेकांच्या शेजारी राहतात.

मी तेव्हा तिथे फौजदार होतो. सकाळच्या हजेरीच्या वेळी पखालवाला रेड्यावर पाण्याच्या कातडी पखाली लादून ठाण्याचे रांजण भरायला येई. त्या दिवशी पाणी ओतता ओतता तो म्हणाला, "साहेब, तेलिणीच्या बोळात माझा रेडा शिरंना. भिंत पुढं आलीया. तिचा बैल आठ दिस आतच हाय."

मी जाऊन पाहिले. बोळाच्या टोकाला एका विधवेचा तेलाचा घाणा होता. तोंडाशी राहणाऱ्या मक्तेदाराने आपल्या घराची बाजू सरळ बोळात सरकवून भिंत घातली होती. बैलाला नदीवर नेता येत नव्हते, म्हणून बाई घागरीने पाणी पाजत होती. डोंगरातून खुरासणीचे बी घेऊन येणारे लोक अंग तिरके करून पोती आत आणायला कंटाळले आणि दुसऱ्या घाण्याकडे वळू लागले होते.

"बैल इकून पोट भरावं म्हनलं, तर त्यो बी भाईर निघंना," ती म्हणाली. रडली नाही.

म्युनिसिपालिटीच्या मुकादमाला ठाण्यावर बोलावले. त्याच्या कागदावर ‘जुनी भिंत, डागडुजी’ असा शेरा होता. डागडुजीला परवानगी लागत नसे. भिंत कधी पाहिली, असे विचारताच तो छत्रीची मूठ चोळू लागला. अशा वेळी मी प्रश्न बदलत नसे, नुसता थांबत असे. शेवटी त्याने कबूल केले, मक्तेदाराने सांगितले आणि त्याने कचेरीत बसून लिहिले.

मक्तेदार मात्र कच्चा नव्हता. भिंत बापाच्या काळची, हा त्याचा जबाब. आळीतल्या बऱ्याच घरांची पोरे त्याच्या कामावर होती, त्यामुळे उलट बोलायला कोणी पुढे येईना. मी त्याच्याच ओट्यासमोर दोन पंच बसवून पंचनामा सुरू केला. बोळ हातभर उरला होता. बैलाच्या दोन्ही बगलांना काठ्या उभ्या धरून मोजले, तर त्याचे पोट त्याहून वीतभर जास्त भरले.

"मग हा बैल आत आला कसा?" मी विचारले.

"वासरू आसताना नेला आसंल, रावसाहेब. आतच वाढला," मक्तेदार म्हणाला.

पंच हसले. मी जबाब तसाच लिहून घेतला.

मक्तेदाराची आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिला कोणी काही विचारले नव्हते. पोळ्याला घाण्याचा बैल आळीत दारोदार ओवाळला जाई, मक्तेदाराच्या दारातही. जबाब देताना तेवढे त्याच्या ध्यानात राहिले नव्हते. म्हातारी मान वर न करता म्हणाली, "गेल्या पोळ्याला हितंच मी त्याला पुरनपोळी चारली. शिंगाला बेगड व्हती. पोटचा पोर झाला म्हनून मुक्या जनावराबद्दल खोटं कसं बोलू?"

मक्तेदाराने पागोटे काढून मांडीवर ठेवले. "पाडतो," एवढेच तो म्हणाला.

मामलेदारांचा हुकूम येण्याआधीच भिंत उतरली. बैल बोळाच्या तोंडाशी क्षणभर थबकला आणि मग नदीच्या वाटेने असा निघाला, की बाईला पदर खोचून मागे पळावे लागले. पळता पळता ती हसत होती. मलाही किती दिवसांनी मोकळा श्वास घेतल्यासारखे वाटले.

ठाण्याच्या डायरीत नोंद करताना मागचे पान उलटले. त्या आठ दिवसांत मी दोनदा त्या आळीतून गस्त घातली होती आणि दोन्ही वेळा ‘सर्व ठीक’ लिहिले होते. मुकादमावर मी चांगलाच डाफरलो होतो. त्याच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की मी चालत जाऊनही पाहिले नव्हते.

पुढे घोडेगावला बदली झाली. पहिल्या सकाळी दप्तर उघडण्याआधी मी ठाण्यात पाणी कोण भरतो ते विचारले आणि त्याच्या रेड्यामागून सारे गाव पायी फिरून आलो.