बांधावर फेकलेली पुडी

अळीला मारणारा जनुक घातलेल्या बीटी कपाशीच्या पाकिटासोबत साध्या बियाण्याची एक छोटी पुडी यायची. ती वावराच्या कडेनं पेरायची, म्हणजे काही अळ्या साध्या झाडांवर जगतात आणि अळीची सगळी जात बीटीला सरावत नाही. अकोटला आमच्या वावराला लागून चाचांचं वावर होतं. त्यांना मी हे मोठ्या तोऱ्यात समजावलं होतं. “अळीले पोसाले कपाशी लावू काय?” म्हणत त्यांनी पुडी बांधावर फेकली. आमच्या घरीही तेच झालं होतं, ते मी बोलले नाही.

काही वर्षांनी बीटीच्याच बोंडात गुलाबी अळी निघाली. त्या दिवाळीत मी पुण्याहून आले होते. तिथल्या प्रयोगशाळेत आम्ही रक्तातल्या लढणाऱ्या पेशींचे जनुक बदलून त्यांना एचआयव्ही ओळखून मारायला शिकवत होतो.

“म्हंजे बीटी रक्त,” माझं हे काम ऐकून चाचा म्हणाले.

मी चिडले. माणूस म्हणजे कपाशी नाही, असं बरंच ऐकवलं. चाचा किडकं बोंड नखानं उकलत राहिले.

“अन् विषाणू सरावला त?”

“अजून तरी मरतो आहे.”

“साराच?”

“एखाद्या नळीत जगतो. ती बिघडली असं समजून आम्ही टाकून देतो.”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. “बांधावर?”

पुण्याला परतल्यावर मी पहिल्यांदा कुणालाही न विचारता तसली एक नळी तपासायला जपून ठेवली.