ठशावरची दीड ओळ

"साक्षीला कोनी नको. आता दगरच बोललाय," हिरू पाटील आपल्या माणसांना म्हणाला. मी भिंतीवरचा शिलालेखाचा ठसा उतरवत होतो, तो हातात तसाच राहिला.

रविवारचं लेक्चर नुकतंच संपलं होतं. हिरू पाटील हा खाडीपलीकडचा, कळव्याच्या बाजूच्या एका खारगावचा म्हातारा शेतकरी. खार म्हणजे बांध घालून खाडीकडून हिसकावलेली जमीन. बांध धड असला तर आत भात पिकतं. बांध फुटला तर एका भरतीत शेत खारट होतं आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथे गवताची काडीही उगवत नाही.

"कसली साक्ष, पाटील?" मी विचारलं.

त्याने जे सांगितलं ते थोडक्यात असं. बांधाच्या बाहेर, पाण्याच्या बाजूला चिखलाचा एक लांब पट्टा होता. गाव दरवर्षी तिथूनच चिखल काढून बांध लिंपत असे. तो पट्टा एका मिठागरवाल्याने नवी आगरं काढायला सरकारकडे मागितला होता. कल्याणच्या मामलेदार कचेरीत सुनावणी होती, पुढच्या रविवारनंतरच्या मंगळवारी. गावाने चार म्हातारी माणसं साक्षीला तयार केली होती. पण आज आमचं लेक्चर ऐकून हिरूला वाटलं, साक्षीदार हवेत कशाला? शेकडो वर्षांपूर्वीच्या राजाने जमीन थेट खाडीच्या पाण्यापर्यंत दिल्याचं दगडावरच लिहिलेलं आहे, आणि ते शहरातल्या शिकलेल्या माणसांनी भर सभेत वाचून दाखवलं आहे.

"तुमचा त्यो कागुद मंगलवारी देशाल ना?" त्याने विचारलं.

मी "बघतो" म्हणालो. हातातला ठसा गुंडाळून ठेवला. दगडावर तसं काही लिहिलेलं नव्हतं. ते मी लिहिलं होतं.

आता माझं काम सांगतो. मी सर्व्हे ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो, म्हणजे मोजणीवाल्यांनी आणलेल्या आकड्यांवरून नकाशे काढणारा. ठाण्यातल्या एका लायब्ररीच्या मागच्या खोलीत जुन्या जिनसांचा संग्रह केलेला होता. नाणी, तांब्याचे पत्रे, फुटक्या मूर्ती, एक गंजकी तोफ. लोक त्याला अजबखाना म्हणत. दर रविवारी चार वाजता तिथे एखाद्या वस्तूवर लेक्चर होई. दारावर पाटी होती, 'विनामूल्य. कोणीही यावे.' त्या पाटीचा आमच्या कमिटीला फार अभिमान. प्रत्यक्षात खुर्च्यांवर वकील, मास्तर आणि कारकून बसत, आणि खारगावची माणसं बाहेर व्हरांड्यात खिडकीशी उभी राहून ऐकत. त्यांना कोणी आत येऊ नका म्हटलं नव्हतं. या असंही कोणी म्हटलं नव्हतं. मीही नाही.

हात बरा म्हणून ठसे घेण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. ठसा घ्यायचा तो असा. दगड पाण्याने घासून स्वच्छ करायचा, त्यावर ओला कागद पसरायचा आणि ताठ केसांच्या ब्रशाने ठोकत राहायचं, की कागद अक्षरांच्या खाचांत बसतो. जरा सुकला की शाईची पुरचुंडी वरून हलकेच फिरवायची. दगड काळा उमटतो, अक्षरं पांढरी राहतात. वाचायला दगडापेक्षा कागद सोपा जातो आणि भिंतीवर टांगताही येतो.

हा दगड हिरूनेच दिला होता. बांधाच्या दुरुस्तीत तो आडवा येत होता. गावाने नारळ फोडून त्याची परवानगी मागितली, होडीत घातला आणि आमच्या व्हरांड्यात आणून उभा केला. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढवाचं चित्र. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी होती, आणि कोरणाऱ्याने ती अगदी मोकळेपणाने कोरली होती. आमचे सेक्रेटरी रावसाहेब वकील होते आणि सभ्यतेच्या बाबतीत फार जपणारे. त्यांनी सबंध दगडावर गोणपाट घालायला लावलं. तेव्हापासून लोक भिंतीवरचा कागद पाहत, दगड कोणी पाहत नसे.

लेखात दान दिलेल्या जमिनीच्या चार सीमा होत्या. पूर्व, दक्षिण आणि उत्तर नीट लागत होत्या. पश्चिमेच्या जागी दगडाचा टवका उडालेला होता, दीड ओळ साफ गेलेली. ठशावर तिथे नुसता काळा-पांढरा गोंधळ उमटला. तो पाहून रावसाहेब म्हणाले, "हे फारच ओबडधोबड दिसतं हो. साहेब मंडळी बघायला यायची आहेत. जरा नीटनेटकं करा."

जरा नीटनेटकं करणं हे आमच्या धंद्यातलं जुनं पाप आहे. अक्षराची कड पुसट असली की ब्रशाने थोडी शाई फिरवून ती उठवायची. सगळेच करतात. मी त्याच्यापुढे गेलो. पश्चिमेला खाडी आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिथे दुसरं काय असणार? मी बारीक ब्रश घेतला आणि त्या गोंधळात 'खाडीच्या पाण्यापर्यंत' ही अक्षरं बाकीच्या लेखाच्या वळणात पांढरी सोडून भोवती शाई भरली. अर्ध्या तासाचं काम. इतकं बेमालूम झालं की दुसऱ्या दिवशी माझं मलाच कौतुक वाटलं. रावसाहेबांना मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. आज भर सभेत त्यांनी ते खणखणीत आवाजात वाचून दाखवलं होतं.

सोमवारी त्यांच्या घरी गेलो.

"रावसाहेब, पश्चिमेची ओळ माझी आहे."

"माझी म्हणजे?"

"दगडावर नाही. मी भरली."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "पण तिथे तेच असणार ना?"

"असेलही. पण दगडावर नाही."

"समोरचा वकील गोणपाट काढून बघेल असं वाटतं तुम्हाला?"

"तुम्ही त्याच्या जागी असता तर?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. वकीलच ते. पहिलं काम त्यांनी तेच केलं असतं. खोटा कागद आणणाऱ्या पक्षाचं मग मामलेदार खरंही ऐकणार नाहीत, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"त्या म्हाताऱ्याला बाजूला घेऊन सांगा," ते शेवटी म्हणाले. "सभेत नको. पुन्हा आपल्याकडे ऐकायला कोण येईल? आणि तुमच्या साहेबांच्या कानावर गेलं तर तुमची नोकरी?"

सल्ला शहाणपणाचा होता आणि माझ्या सोयीचाही. मी बुधवारी रजा काढली, तरीच्या होडीने पलीकडे गेलो. हिरू बांधावर उकिडवा बसून भोक बुजवत होता. खेकड्यांनी पाडलेली ही भोकं वेळेवर बुजवली नाहीत तर त्यांतूनच बांध फुटतो. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, तो चिडेल, शिव्या देईल. तो चिखल थापत राहिला.

"मना वाचाया येत नाय," तो म्हणाला. "म्हनून तुमी वाचलाव त्ये मी खरा मानला."

उभ्या आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"तुम्ही गावाला सांगा, साक्षीदार परत तयार करा," मी म्हणालो. "अजून वेळ आहे."

"मी सांगू?" आता त्याने हात थांबवला. "परवा मीच बोललू, साक्षी नको. आज बोललू साक्षी पायजेत, त गाव काय बोलल? पाटलान आगरवाल्याचा पैसा खाल्ला! तुमी सगल्यांपुरं सांगलाव ना? मंग सगल्यांपुरंच सांगा."

रविवारी चार वाजता रावसाहेबांनी प्रास्ताविक केलं आणि "यांना दोन शब्द सांगायचे आहेत," असं म्हणून ते बाजूला झाले. हिरूचं म्हणणं मी त्यांना आधीच कळवलं होतं. खोली भरलेली. व्हरांड्यात सगळं गाव, बायकासुद्धा. मी ठशावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "ही दीड ओळ दगडावर नाही. ती मी माझ्या हाताने भरली. दगड इथे फुटलेला आहे."

खिडकीतून हिरूचा आवाज आला, "दगर दावा."

मी बाहेर गेलो आणि गोणपाट काढलं. आतली मंडळी खुर्च्या सोडून व्हरांड्यात आली. गाढवाच्या चित्राकडे कोणाचं लक्ष गेलं असेल तर त्याने ते दाखवलं नाही. मी हिरूचा हात धरून त्याचा अंगठा लेखावर ठेवला. पूर्व. दक्षिण. उत्तर. त्याचा अंगठा खाचांतून सरकत होता. मग टवक्यावर आला आणि गुळगुळीत खळग्यात उतरला. त्याने तो तिथे दोन-तीनदा फिरवला. मागे वळून गावाला म्हणाला, "हितं कायच नाय."

त्याच्यामागून एकेकाने अंगठा लावून पाहिला. बायकांनीही पाहिलं. मी बाजूला उभा होतो. एक मास्तर हळूच मला म्हणाले, "याची काय गरज होती?" मी गोणपाटाची घडी घातली.

मंगळवारी मी कल्याणला गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण घरी बसवेना. आगरवाल्याच्या वकिलाने सुरुवातच केली, "पाटील, तुमच्या त्या दगडाचं काय झालं?"

"दगर फुटलाय," हिरू म्हणाला. "मानसा हायेत."

चारपैकी तीन माणसं आली होती. त्यांतली एक म्हातारी फारच पक्की निघाली. बांध कुठल्या वर्षी कुठे खचला आणि चिखल कुठल्या खड्ड्यातून काढला, हे ती लेकरांच्या जन्मावरून सांगत गेली. थोरल्याच्या वेळचा खड्डा इथे, मधलीच्या वेळचा तिथे. मामलेदारांनी दोनदा तिला अडवून पाहिलं. ती अडली नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतः बांधावर येऊन खड्डे पाहिले, आणि बांधालगतचा अर्धा पट्टा गावाच्या चिखलासाठी राखून ठेवला.

बाहेरचा अर्धा आगरवाल्याला गेला. त्या भागाची माहिती असलेला माणूस एकच होता, चौथा साक्षीदार. आता साक्षीला जायचं नाही असं कळल्यावर तो टिटवाळ्याला लेकीकडे निघून गेला होता. रविवारी संध्याकाळी गावाने त्याच्यामागे माणूस धाडला. तेवढ्यात तो तिथूनही पुढे कुठल्याशा लग्नाला गेलेला. तो परत आला तोवर निकाल लागला होता.

तो अर्धा पट्टा माझ्या अर्ध्या तासाच्या कामाने गेला. हे मला कोणी म्हणालं नाही, पण हिशेब सोपा आहे. ऑफिसात साहेबांनी बोलावून दोन वाक्यं सुनावली, सर्व्हिसबुकात एक शेरा लिहिला, बढती तीन वर्षं मागे गेली. त्याचं मला फारसं दुःख झालं नाही. पलीकडे मिठाचे ढीग दिसू लागले तेव्हा मात्र झालं.

वाटलं होतं, खारगावचं कोणी आता आमच्या दारात पाऊल टाकणार नाही. महिन्याभराने एका रविवारी हिरू आला. व्हरांड्यात थांबला नाही. सरळ आत आला, पुढच्या रांगेतली एक खुर्ची ओढली आणि बसला. रावसाहेब एका ताम्रपटाबद्दल सांगत होते. राजाचं नाव सांगून झालं, तशी हिरूने हात वर केला.

"ह्ये त्याच्यावर हाय, का तुमी घातलाव?"

रावसाहेब थबकले. माझ्याकडे पाहिलं. मी ताम्रपट उचलून हिरूच्या हातात दिला आणि म्हणालो, "आहे." रावसाहेब पुढे गेले, गावाचं नाव सांगितलं. पुन्हा हात वर.

"आणि ह्ये?"

"हा आमचा अंदाज आहे," मी म्हणालो. "तिथे पत्रा झिजलाय."

त्याने मान डोलावली. पुढे कितीतरी वर्षं तो दर रविवारी यायचा आणि हेच विचारायचा. नोकरीत माझ्या कामाची तपासणी पुष्कळ साहेबांनी केली. रेघ वाकडी आहे, रंग फिका आहे, आकडा चुकला आहे, असं बरंच ऐकून घेतलं. हा प्रश्न मात्र त्यांच्यापैकी एकानेही कधी विचारला नाही.